हिसाब खाला

आमच्या शाळेच्या लोखंडी कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या मागे, एक बाहुली ठेवलेली आहे. डोके कागदाच्या लगद्याचे, अंगात कुणाच्या तरी अम्मीच्या जुन्या ओढणीचा झगा, डोळ्यांवर तारेचा चष्मा. नाकाचा शेंडा उडालेला आहे. आत हात घातला की ती मान हलवते, बोट उगारते, कपाळ बडवून घेते. मुलांनी तिचे नाव ‘हिसाब खाला’ ठेवले होते. खानदेशातल्या आमच्या गावात ती दीड वर्ष चौकाचौकांत बोलत फिरली आणि एका संध्याकाळी गप्प झाली. ती गप्प का झाली, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतले तीन शिक्षक. दोन सर आणि एक आपा. तिघेही बी.एड., तिघेही तिशीतले. तिघांचेही शिक्षण उर्दूतून झाले, त्यामुळे मराठीत लिहिताना अजूनही एकमेकांना ऱ्हस्व-दीर्घ विचारावे लागते. आमच्या मुलांचे पालक केळीच्या ट्रकांवर हमाली करतात, गॅरेजमध्ये काम करतात, भंगार गोळा करतात, गवंड्याच्या हाताखाली जातात. घरी जी बोली बोलतात ती उर्दूच्या पुस्तकात नाही आणि कचेरीतल्या मराठीतही नाही.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही तिघे घरच्या मंडळींसह अजमेरला गेलो होतो. ख्वाजा गरीबनवाजांच्या दर्ग्यात हाजिरी झाली. मुक्कामाच्या जागी रात्री कठपुतळीचा खेळ होता. दोन खाटा उभ्या करून त्यांना पडदा बांधलेला, त्यामागे खेळवणारा भाट. लाकडी मुंडक्यांच्या, पाय नसलेल्या, लांब घेरदार झग्यांच्या त्या बाहुल्या दोरीवर नाचत होत्या. अमरसिंह राठोडाची कथा चालली होती. खेळवणाऱ्याच्या दातांत बांबूची एक छोटी शिट्टी असते, तिला ते लोक ‘बोली’ म्हणतात. बाहुली बोलते ती त्या शिट्टीतून. ते बोलणे चिमणीच्या चिवचिवाटासारखे असते, शब्द कळत नाहीत. पडद्यापुढे ढोलक घेऊन बसलेली बाई ते ऐकते आणि लोकांना सांगते, राजा काय म्हणाला, धोबीण काय म्हणाली.

मुले पोट धरून हसत होती. आमच्यापैकी एकाने मात्र हळूच म्हटले, “अपने लोगों का ऐसाच है. बोलते हम, मतलब दूसरा बताता.”

तहसील कचेरीत, बँकेत, दवाखान्यात आमच्या मोहल्ल्यातला माणूस आपले गाऱ्हाणे आपल्या बोलीत सांगतो. मग कुणीतरी मध्यस्थ ते मराठीत साहेबांना सांगतो. तो काय सांगतो, किती सांगतो, काय गाळतो, हे त्या माणसाला कधीच कळत नाही. ही गोष्ट आम्ही त्या रात्री बोलून गेलो आणि विसरलो. पुढे ती आमच्यावरच उलटायची होती.

अजमेर जिल्ह्यातच तिलोनिया नावाचे गाव आहे. बंकर रॉय यांनी १९७२ साली तिथे समाजकार्य आणि संशोधन केंद्र सुरू केले. पुढे ‘बेअरफूट कॉलेज’ म्हणून ते जगभर गाजले. दिवसा शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या मुलांसाठी तिथे रात्रशाळा चालतात, एवढे आम्ही बी.एड.ला असताना वाचले होते. एवढ्या लांब आलोच आहोत तर पाहून घेऊ, म्हणून परतण्याच्या आदल्या दिवशी जीप केली. गेलो होतो रात्रशाळा पाहायला, पण लक्षात राहिला तो जोखीम चाचा.

जोखीम चाचा ही तिथली हातात घालायची बाहुली. त्याचे वय तीनशे वर्षे आहे, असे तिथे सांगतात. गावात भांडण झाले, शाळेतली हजेरी घसरली, हातपंप बंद पडला, मजुरी कमी मिळाली, की चाचा गावात जातो. सगळ्या गावासमोर मास्तरला बोलावतो, पालकाला बोलावतो, दोघांनाही सुनावतो आणि हात मिळवायला लावतो. या बाहुल्यांची डोकी जागतिक बँकेच्या जुन्या अहवालांचा लगदा करून घडवली आहेत, असे बंकर रॉय यांनी जाहीर भाषणात सांगितले होते. जाडजूड अहवालांचा गावाला झालेला हा एक उपयोग! आम्हा कागदात बुडालेल्या मास्तरांना ही कल्पना फारच आवडली.

दोरीच्या बाहुल्या सोडून हातातल्या बाहुल्या का घेतल्या, याचे कारण खेळ पाहतानाच कळते. दोरीची बाहुली पडद्याच्या चौकटीत अडकलेली. तिची कथा आधीच ठरलेली, लोक लांब. हातातली बाहुली थेट लोकांत शिरते, समोरच्याचे ऐकते आणि त्याला उत्तर देते. तिला ढोलकवाली लागत नाही.

संध्याकाळी जवळच्या एका गावात खेळ होता, तोही आम्ही पाहिला. पिंपळाच्या पारावर सौरदिवा ठेवलेला, समोर बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला. चाचाने पाण्याचा विषय काढला. घुंगट ओढलेली एक म्हातारी उठली आणि बाहुलीच्या तोंडासमोर बोट नाचवत भांडू लागली. तू आता येतोस, पंप बंद होता तेव्हा कुठे होतास, असा तिचा सूर होता. ज्या माणसाच्या हातात बाहुली होती त्याच्याकडे तिने एकदाही पाहिले नाही. त्या माणसाशी ती जन्मात असे बोलली नसती. कदाचित घुंगटही वर केला नसता. बाहुलीशी मात्र ती बरोबरीने भांडली, आणि तिचे पाहून आणखी चौघी उठल्या.

या बाहुल्यांचा खेळ करमणुकीपुरता राहिलेला नाही. राजस्थानात त्याच्यामागे मोठी लढाई आहे. दुष्काळी कामावरच्या मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे देता येणार नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८३ चा निकाल बंकर रॉय यांच्याच याचिकेवर लागला. तिलोनियात काम केलेल्या अरुणा रॉय आणि शंकर सिंह, त्यांच्याबरोबर निखिल डे, हे १९८७ साली राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी या लहानशा गावात जाऊन राहिले. १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. शंकर सिंह हे बाहुल्या खेळवणारे आणि गाणी रचणारे कार्यकर्ते. राजकारण्यांची थट्टा करणारी ‘घोटाला रथयात्रा’ घेऊन ते गावोगाव हिंडले. आधी बाहुली लोकांना गोळा करी, हसवी, विचारात पाडी. मग खरे काम सुरू होई.

ते खरे काम म्हणजे जनसुनवाई. पहिली जनसुनवाई २ डिसेंबर १९९४ रोजी कोटकिराना येथे झाली. मंडप टाकून सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले मोठ्याने वाचायची, आणि ज्यांची नावे येतील त्यांनीच उठून सांगायचे, हे काम मी केले की नाही, हे पैसे मला मिळाले की नाही. अशा सुनवायांत मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचलल्याचे निघाले. न झालेली कामे कागदावर पूर्ण झालेली निघाली. १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्यावर शहरात चाळीस दिवसांचे धरणे झाले. आमचा पैसा, आमचा हिशेब, एवढी साधी मागणी होती. तिथून निघालेली वाट २००५ च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत आली. महाराष्ट्रातही अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून या विषयाचा राज्य कायदा त्याआधीच झाला होता.

राजकारण म्हटले की आमच्या समाजाला निवडणूक आठवते, नाहीतर दंगल. मुलांना आपण सांगतो, सियासत से दूर रहो. तिलोनियाच्या पारावर आम्हाला वाटले, पाण्याचा हिशेब विचारणे हेही राजकारणच आहे, आणि ते शाळेतल्या मुलांनी शिकले पाहिजे.

जूनमध्ये शाळा उघडली आणि आम्ही कामाला लागलो. कपाटातल्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि कालबाह्य परिपत्रके टबात भिजत घातली. तीन दिवसांनी मुलांनी ती पायाने तुडवली, त्यात मैद्याची खळ आणि थोडी मेथीची पूड घातली, म्हणजे कीड लागत नाही. मातीच्या गोळ्यावर लगदा चढवून डोके केले. वाळल्यावर माती कोरून काढली.

मग एक पालक चिडून आले. मदरशात शिकलेले, सरळ गृहस्थ. म्हणाले, “सर, बच्चों से बुत बनवाते क्या?” आम्हाला काय उत्तर द्यावे सुचेना. सगळे मिळून मशिदीच्या वृद्ध इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी बाहुली हातात घेऊन उलटसुलट पाहिली. हजरत आयेशा लहानपणी बाहुल्यांशी खेळत आणि पैगंबरांनी (स.) त्यांना मनाई केली नाही, ही हदीस त्यांनी त्या पालकांना सांगितली. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “बच्चों की गुडिया है, बनाओ. मगर उससे झूठ मत बुलवाना.”

हे वाक्य आम्ही नीट ऐकायला हवे होते.

हिसाब खालाचा पहिला खेळ शाळेच्या मागच्या चौकात झाला. असरनंतर आणि मगरीबच्या आधी, केळीचे ट्रक भरून माणसे घरी परतायच्या वेळेला. दोन मुलांनी चादर धरली, सातवीतल्या-आठवीतल्या मुली आळीपाळीने खालाला बोलवत होत्या. खाला चादरीच्या बाहेर मान काढून एखाद्या बापाला गाठायची. “क्यूं रे भाई, तेरी छोरी पंद्रा दिन से इस्कूल में कायकू नै आई?” लोक हसायचे. बाप ओशाळायचा. दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गात दिसायची.

आम्ही हुरळून गेलो. दर महिन्याला एक, कधी दोन असे खेळ केले. तंबाखू, सातवीनंतर मुलींचे शिक्षण थांबवणे, जन्मदाखला वेळेत काढणे, लसीकरण, असे विषय घेतले. केंद्राच्या शिक्षण परिषदेत आमचे कौतुक झाले, फोटो निघाले. एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात आली नाही, किंवा आम्ही ती येऊ दिली नाही. आमची खाला फक्त खाली बघून बोलत होती. हमालाला विचारत होती, भंगारवाल्याला विचारत होती. वर बघून विचारायची वेळ आली की आम्ही तालमीतच ते वाक्य कापत होतो. मुले विचारायची, “सर, ये कायकू निकाला?” आम्ही म्हणायचो, “खेळ लांबतो आहे.” तिलोनियाचा चाचा मास्तरलाही गावासमोर उभे करी. आमच्या खेळात मास्तर चादरीमागे उभा होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये रेल्वे फाटकाजवळच्या वस्तीत खेळ होता. सातवीतली एक मुलगी खाला खेळवत होती. तिने नेहमीप्रमाणे एका बापाला गाठले. योगायोगाने तो तिचाच बाप होता, केळीच्या गाडीवरचा हमाल. “तेरी छोरी दोपहर के बाद इस्कूल में कायकू नै दिखती?” तो हसला नाही. म्हणाला, “खाला, दोपहर कू वो घर आती. इस्कूल के संडास में पानी नै. घर आई की वापस नै जाती. अब तू बोल, पानी लाना किसका काम?”

खाला क्षणभर गप्प. मग त्या मुलीने आमच्या संहितेत नसलेले वाक्य टाकले, “हां भाई, किसका काम?” गर्दीतून कुणीतरी ओरडले, “सर लोगों कू पूछ!”

आम्ही पुढे झालो आणि जाहीर केले की मगरीबची वेळ होत आली आहे, खेळ संपला. मगरीबला अजून वीस मिनिटे होती.

नोव्हेंबरात तोच हमाल शाळेत आला. त्याला कुणीतरी माहिती अधिकाराचे सांगितले होते. अर्ज मराठीत लिहून हवा होता. शाळेच्या पाण्याच्या कामासाठी पैसे आले का, किती आले, काय काम झाले, त्याच्या कागदांच्या नकला द्या, एवढेच त्याला विचारायचे होते. मराठी शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने मुलांना तासालाच अर्जाचा नमुना लिहायला दिला. सगळ्यांत चांगला उतरलेला अर्ज त्याच हमालाच्या मुलीचा. त्याने अंगठा उठवला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि अर्ज गेला.

तेव्हा आम्हाला काही आठवले नव्हते, असे म्हटले तर ते अर्धेच खरे होईल. काहीतरी डाचत होते. पण मार्चअखेरीला शाळेत इतके कागद सह्यांसाठी फिरतात की कशावर काय होते ते आठवू नये अशीच सोय असते. त्या सोयीत आम्ही राहिलो.

जानेवारी २०२० मध्ये उत्तर आले. नागरिकत्व दुरुस्ती कायदा नुकताच झाला होता. मोहल्ल्यात जो तो कागद शोधत होता, आजोबांचा दाखला, जुनी सातबारा, जन्माची नोंद. सरकारी पाकीट म्हटले तरी बायामाणसे घाबरत. तो हमाल ते पाकीट घेऊन सरळ आमच्याकडे आला. टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “सर, मराठी में है. पढ के सुनाओ.”

तीन झेरॉक्स होत्या. पहिल्यावर मंजूर रक्कम. दुसऱ्यावर बिल. तिसऱ्यावर मार्च २०१९ चा काम पूर्ण झाल्याचा दाखला. छतावर टाकी, पाइपलाइन, मुलींच्या स्वच्छतागृहात दोन नळ, पाणीपुरवठा सुरू. खाली तेव्हाच्या मुख्याध्यापकांची सही. ते एव्हाना बदलून गेले होते. त्याखाली ‘उपस्थित शिक्षक’ आणि तीन सह्या. आमच्या.

छतावर टाकी नव्हती. कधीच नव्हती. वर चढून पाहायचीसुद्धा गरज नव्हती, अंगणातून दिसते.

आम्ही त्याला वाचून दाखवले. रक्कम वाचली, बिल वाचले, दाखला वाचला. मुख्याध्यापकांच्या सहीपर्यंत आलो आणि थांबलो. म्हटले, “बस, इतनाच है.” त्याने कागदाची घडी केली, शुक्रिया म्हटले आणि गेला. त्याच्या पाठीकडे बघताना आम्हाला अजमेरची ती ढोलकवाली आठवली. तिने निदान खेळात तरी राजाचे म्हणणे गाळले नसेल.

एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. त्याच्या घरात आता मराठी वाचणारी मुलगी होती. तिला वाचायला आम्हीच शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली, बसली, काही बोलली नाही. तालमीला मात्र म्हणाली, “सर, इस बार खाला वो कागज पढेगी.” आम्ही म्हणालो, “परीक्षा जवळ आली आहे.” ती म्हणाली, “जी.” आणि तिथेच उभी राहिली.

त्या रात्री आम्ही तिघे एकाच्या घरी जमलो. दिवस वाईट आहेत, मोहल्ल्यात गर्दी जमवली तर भलताच अर्थ निघेल, नोकरी आहे, घरकर्जाचे हप्ते आहेत, फसवले तर मुख्याध्यापकांनी, आपण काय केले, असे सगळे बोलून झाले. यातले काही अगदी खोटे नव्हते. पण इमामसाहेबांचे वाक्य मध्येच येऊन बसले होते. खाला आजवर खोटे बोलली नव्हती. खोटे आम्ही लिहून दिले होते, आणि तेही ती चौकात खरे बोलत होती त्याच दिवसांत. सकाळी सही, संध्याकाळी खेळ.

फेब्रुवारीत खेळ झाला. त्याच पहिल्या चौकात. नेहमीपेक्षा जास्त माणसे होती, कारण गोष्ट पसरली होती. चादर धरली गेली. खाला वर आली. कमरेत वाकून सलाम केला, एक-दोघांची थट्टा केली. मग तिच्या हातात कागद आला. रक्कम वाचली, बिल वाचले. नळाचे आले तेव्हा तिने मान वळवून छताकडे पाहिले आणि कपाळ बडवून घेतले. लोक हसले. मुख्याध्यापकांचे नाव आले.

आणि खाला थांबली. चादरीमागून आवाज येईना. बाहुलीचे डोके जरा खाली कलले. आम्हाला वाटले, मुलगी घाबरली. एक क्षणभर, खरे सांगायचे तर, बरेही वाटले.

ती चादरीच्या बाजूने बाहेर आली. बाहुली हातातून काढली, मैत्रिणीकडे दिली. कागद दोन्ही हातांनी धरला आणि स्वतःच्या आवाजात, मराठीत, वाचू लागली. “उपस्थित शिक्षक,” ती म्हणाली, आणि आमची तीन नावे एकेक करून वाचली. कागदावर नुसती नावे होती. तिने पहिल्या दोन नावांना ‘सर’ लावले आणि तिसऱ्या नावाला ‘आपा’. वर्गात हजेरीच्या वेळी ज्या अदबीने उभी राहते त्याच अदबीने.

तिने आरोप केला असता तर आम्ही काहीतरी उत्तर शोधले असते. त्या ‘सर’ला आणि ‘आपा’ला उत्तर नव्हते. आम्ही उठलो. एकेकाने पुढे जाऊन सांगितले की सही आमची आहे, काम न बघता केली, चूक झाली. या लेखात आम्ही ‘आम्ही’ म्हणत आलो आहोत. त्यात थोडे लपताही येते. पण सह्या तीन होत्या आणि त्या संध्याकाळी तिघांनाही वेगवेगळे बोलावे लागले.

बराच वेळ कुणी काही बोलले नाही. शेवटी तो हमाल म्हणाला, “चलो, इतना तो बोले.” एवढेच. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. लोक नमाजला गेले.

आम्ही कार्यालयाला लेखी कळवले. खुलासा मागणारी नोटीस आली. जे चौकात सांगितले तेच लिहून दिले. सेवापुस्तकात नोंद झाली. मग मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि शाळाच बंद झाली. पुन्हा भरली तेव्हा छतावर टाकी होती. दोनपैकी एक नळ अजूनही अधूनमधून कोरडा असतो. ती मुलगी २०२३ साली दहावी पास झाली. दुपारनंतर घरी जाऊन परत न येणाऱ्या मुली कमी झाल्या आहेत, सगळ्या थांबल्या आहेत असे नाही.

बाहुली काय करू शकते, हे आम्ही तिलोनियात पाहिले. घुंगटातल्या म्हातारीला ती तोंड उघडायला लावते, कारण बाहुलीशी भांडण्यात धोका नसतो. पण देवडुंगरीच्या माणसांनी बाहुलीवर थांबून चालवले नाही. त्यांनी मंडप टाकला आणि ज्याचे नाव हजेरीपटावर त्यालाच उभे केले. मधे ना बाहुली, ना ढोलकवाली. आम्ही बाहुली घेतली आणि मंडप विसरलो. तो आमच्या एका विद्यार्थिनीने आठवण करून दिला. आणि तिला ते मराठीतून करावे लागले, कारण कागद मराठीत होता. उर्दू आमची मादरी जबान आहे, ती आम्ही सोडणार नाही. पण ज्या भाषेत आपल्यावर कागद लिहिले जातात ती भाषा मुलांना स्वतः वाचता आली पाहिजे, म्हणजे आमच्यासारख्यांना मधली ओळ गाळता येणार नाही.

यंदा सातवीची मुले नवी बाहुली करू म्हणतात. जुन्या परिपत्रकांचा टब पुन्हा भिजत पडला आहे. त्या दाखल्याची आमच्याकडची झेरॉक्स मात्र आम्ही त्यात घातली नाही. ती फाइलला लावून ठेवली आहे. मार्चअखेरीला कागद फिरू लागले की आधी ती उघडतो, मग शिडी लावून छतावर जातो, आणि खाली उतरल्यावर सही करतो.